मांजरीला न विचारता काढलेला मुहूर्त

हर्षाली स्टुलावर चढून बाल्कनीला जाळी बांधत होती आणि तिचा धाकटा भाऊ बंटी खाली उभा राहून गाठी कशा माराव्यात यावर भाषण देत होता. अक्षय्य तृतीया परवावर आली होती. त्या मुहूर्तावर पंचवटीतल्या त्यांच्या घरी पर्शियन मांजरीचं पिल्लू येणार होतं. टीव्हीच्या लोंबत्या वायरी चिकटवून झाल्या होत्या, फिनाइलची बाटली वरच्या फळीवर गेली होती आणि शी-शूसाठी वाळूचा टबही ठेवून झाला होता.

तेवढ्यात पिल्लं विकणाऱ्या सोमनाथकाकांचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'दोन महिन्यांची बाळं, मुहूर्तासाठी तयार!' समोरच्या फ्लॅटमधली मनाली तो बघायला वाकली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मनालीचं आजोळ सुरगाण्याचं. तिथे दर उन्हाळ्यात भाताच्या कणगीमागे मांजर वितेच, त्यामुळे पिल्लांच्या बाबतीत तिला कोणी शिकवायला जात नसे.

"दोन महिन्यांचं पिल्लू घरभर उड्या मारतं," ती म्हणाली. "याला धड उभं राहता येत नाहीये. हे महिन्याचंसुद्धा नाही."

हर्षाली धावत पप्पांकडे गेली. ते फोनवर पेढ्यांची ऑर्डर देण्यात गुंतले होते. पर्शियन जात जरा आळशीच असते, असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं. मम्मी म्हणाली, सोमनाथ माहितीतला आहे. झालं! माणूस माहितीतला निघाला की मोठी माणसं डोळे उघडून बघायचंच सोडून देतात. हर्षालीचं डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टोपली घेऊन निघाली. पिल्लू टोपलीत नीट मावतं का ते बघून येतो, असं त्यांनी मम्मीला सांगितलं. मनालीच्या पिशवीत उकडलेल्या चिकनचा छोटा डबा होता, त्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. बस बदलून ती एकलहऱ्याला पोचली.

सोमनाथकाकांच्या पुढच्या खोलीत द्राक्षांच्या कॅरेटमध्ये सहा पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. मागच्या बंद दाराआडून एक मांजर घसा फाटेपर्यंत ओरडत होती. ती यांची आई का, असं हर्षालीने विचारलं. काकांनी हो म्हटलं, पण बाळंतिणीला नजर लागते म्हणून आपण ती कोणाला दाखवत नाही, असंही सांगितलं.

बंटीने साळसूदपणे मोबाईल काढला. पप्पांना दाखवायला पिल्लू खातानाचा व्हिडिओ हवाय म्हणाला. नाही कसं म्हणणार? पिल्लं केव्हाच दूध सोडून चिकन खायला लागली, हे काकांनीच तर सगळ्यांना सांगितलं होतं!

मनालीने बशीत चिकनचा चुरा ठेवला. हर्षालीच्या घरासाठी ठरलेलं पांढरं पिल्लू डुगडुगत आलं आणि बशीतच तोंडघशी पडलं. मग त्याने हर्षालीचं बोट तोंडात धरलं आणि डोळे मिटून ते चोखू लागलं. बोटाला एकही दात लागला नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, दार उघडा," ती म्हणाली. "यांची आई ओरडतेय आणि ही पिल्लं इथे उपाशी मरतायत."

सोमनाथकाकांचा आवाज चढला. "मला काय हौस आहे? सहा गिऱ्हाइकं, सहांनाही तृतीयाच पाहिजे. तुझ्या पप्पांनी तर निक्षून सांगितलं, मुहूर्त चुकला तर पिल्लू नको. मांजरीला पंचांग कळतं का? दूध आटावं म्हणून ठेवली वेगळी!"

 हर्षालीने बंटीच्या हातातून मोबाईल घेतला आणि पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिने आधी कॅरेट दाखवलं आणि मग मोबाईल मागच्या दारापाशी धरला.

"पप्पा, हे आपल्या मुहूर्तासाठी चाललंय," ती म्हणाली. आता तिला रडू आवरेना.

 मग पप्पा म्हणाले, "सोमनाथ, दार उघड. चूक माझी आहे, पण दार आत्ता उघड. हे सगळं मी पिल्लं बुक केलेल्यांच्या ग्रुपवर टाकतोय. बाकीच्या पाचही घरांना कळू दे."

कडी निघाली. मांजर बाणासारखी आली, कोणाकडे न बघता कॅरेटमध्ये शिरली आणि आडवी झाली. सहाच्या सहा पिल्लं तिला लुचू लागली. ओरडणं थांबलं तेव्हा कुठे मुलांना कळलं, की ते किती मोठं होतं.

दुपारी पप्पा प्राण्यांच्या डॉक्टर स्नेहाताईंना घेऊन आले. पिल्लं जेमतेम वीस दिवसांची निघाली. आणखी दोन दिवस आईविना गेले असते तर निदान दोन तरी दगावली असती, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मनालीची पाठ थोपटली. दर आठवड्याला आपण तपासायला येणार, हेही त्यांनी सोमनाथकाकांना ऐकवलं. काका मान खाली घालून उभे होते. पप्पांचीही मान खालीच होती.

"तू ओरडून सांगत होतीस आणि मी पेढे मोजत होतो," ते हर्षालीला म्हणाले. "पुढे असं झालं तर माझ्या हातातला फोन काढून घे."

तृतीयेला रिकामी टोपली घरीच राहिली. पाचही घरांनी पिल्लं नेली नाहीत. पिल्लू न्यायला हरकत नाही, असा डॉक्टरांचा निरोप आला तेव्हा शाळा सुरू झाली होती. त्यांनी दिलेला दिवस नेमका अमावास्येचा निघाला, पण पप्पांनी तो बदलला नाही.