मिटल्या तोंडाचा खोकला

आमच्या क्लिफर्डनं बापाशी जे केलं, ते वैऱ्यानंही करू नये.

यातलं अक्षरही खोटं नाही. मी शाळेत फारशी गेले नाही, पण कानांनी ऐकलेलं विसरत नाही. बर्नलीचं थिएटर. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचा खेळ.

अख्ख्या लँकशायर परगण्याला हसवणारा विनोदी नट म्हणजे माझा मुलगा. मला सांगायचा, "आई, मी घरमालकांची टिंगल करतो." मी एकदा न कळवताच बघायला गेले.

तो स्टेजवर आला... बापाचा मफलर गळ्यात.

'आठवण म्हणून दे' म्हणाला होता, म्हणून मी दिलेला.

अन् मग तो खोकला.

माझा नवरा आमोस सूतगिरणीत कापसाची धूळ गिळून गिळून गेला. खोकून झालं की छातीतून बारीक शिट्टी यायची. पोराची झोप मोडू नये म्हणून रात्री भिंतीकडे तोंड करून दाबायचा.

तीच शिट्टी पोरानं काढली.

लोक पोट धरून हसले. पुढची बाई डोळे पुसत म्हणाली, "हुबेहूब आमचा म्हातारा गं!"

तेवढ्यात...

वरच्या गॅलरीतून खोकला आला.

लोकांना वाटलं, खेळातलाच. आणखी हसले.

मग जिन्यावर गिरणीवाले घालतात तसले लाकडी तळाचे बूट वाजले. एक पायरी... दम घेतला... पुढची पायरी...

क्लिफर्डचं तोंड मिटलेलं होतं.

खोकला चालूच.

शेवटी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून... ती शिट्टी.

गिरणीच्या तेलाचा वास आला. मी मान वळवली नाही. आजही शेजारची खुर्ची रिकामी असली, तर मी तिथं बसत नाही.

खेळ संपल्यावर मी रंगपटात गेले. तो आरशासमोर तोंडाचा रंग पुसत होता.

"आई, बाबा होते ना?"

"होता."

त्यानं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "लोक किती हसले, ऐकलंस? बाबा संध्याकाळच्या खेळालाही येतील का गं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. आरशातून तो माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत.

"येईल," मी म्हटलं. "तू हाक मारलीस अन् तो आला नाही, असं कधी झालंय? मेल्यावरही बापाला कामाला जुंपलंस तू, क्लिफर्ड. आजपासून माझ्या दाराशी येऊ नकोस."