मधला दगड

ही घटना खरी आहे. तुम्हाला पटो न पटो, मला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि आधीच सांगून ठेवते. यात अमावस्या नाही. पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, वडाचं झाड नाही. तसलं काही हवं असेल तर पान उलटा, पुढे मिळेल.

जे झालं ते भर दुपारी झालं... बरोबर साडेबाराला. १९८८ चा मे महिना. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं भाड्याचं घर होतं. मागे परस, आणि परसाच्या मागे एक कोरडा नाला.

गोष्ट नागोरावांची आहे.

नागोराव म्हणजे माझे वडील. पोटची पोर बापाचं नाव घेते म्हणून नाक मुरडू नका. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

नागोराव मूळचे परभणीकडचे. रस्त्यांची मोजणी करणारे सर्व्हेअर. चार वर्षं ओमानला होते, हजर पर्वतात. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत परत आले आणि बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले. अंगाने इकडे आले, पण जीभ तिकडेच राहिली.

"याला डोंगर म्हणतात?" काळदुर्गाकडे बोट दाखवून ते म्हणायचे. "उकिरडा आहे उकिरडा! डोंगर बघायचा तर हजर. सहाशे किलोमीटर लांब, दहा हजार फूट उंच आणि अंगावर गवताची काडी नाही. नुसती हाडं!"

समोर चहाला बसलेला शेजारी मान डोलवायचा. चहा फुकट असला की भूगोलही गोड लागतो.

मान्य करते, माहिती खरी होती. तो पर्वत एके काळी समुद्राचा तळ होता. जमीन सरकली, तळ वर आला. म्हणून तिथे कड्यावर शिंपले सापडतात, दगडात रुतलेले. त्या उभ्या कड्यांवर रानबकऱ्या फिरतात. वर पांढरी गिधाडं. डोंगराच्या पोटातून पाट खोदून लोक गावात पाणी आणतात, आणि कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, ते सावलीवर ठरवतात.

आणि कोरड्या नद्या. त्यांना तिकडे वादी म्हणतात. वर्षभर ठणठणीत. पाऊस पडतो कुठेतरी लांब डोंगरात. इथे डोक्यावर ऊन असतं, आभाळात ढग नसतो... आणि पाणी येतं.

आधी दगड गडगडल्याचा आवाज येतो. मग पाणी.

तो आवाज ऐकून जो पळत नाही, तो पुन्हा कुणाला दिसत नाही. हे नागोरावच सांगायचे. चहाचा घोट घेत.

आखातातून लोक टेपरेकॉर्डर आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात, ब्लँकेटं आणतात. यांनी दगड आणला. हातभर उंच, वीतभर रुंद, चपटा. एका अंगाला नुसते शिंपलेच शिंपले. तो शोकेसमध्ये उभा केला आणि खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली, 'वय दहा कोटी वर्षे'. माझ्या आईला, रत्नाबाईला, त्याच्यावरची धूळ पुसायचीसुद्धा परवानगी नव्हती. वीस वर्षं संसार केलेल्या बायकोपेक्षा दहा कोटी वर्षांचा दगड त्यांना जवळचा.

त्या दगडाकडे पहिल्यांदा कुणी नीट पाहिलं असेल तर ते मंगळीने. मंगळी आमच्याकडे भांडी घासायला यायची. पावसाळ्यात डोंगरातल्या पाड्यावर भातशेती, आणि भात कापून झालं की नवऱ्याबरोबर खाली बोईसरला कामाला. एके दिवशी ती शोकेससमोर थबकली.

"बाय," ती आईला म्हणाली, "ह्यो दगड पडलेला नाय. बसवलेला हाय."

"कशावरून गं?"

"खाली बघा. चार बोटं रंग येगला हाय. तेवढा मातीत व्हता. आमी पण आमच्या मेलेल्यांचे दगड बसवतो. उपटला का असाच दिसतो."

नागोराव खो-खो हसले. "मंगळे, शाळेची पायरी तरी चढली होतीस का कधी?"

मीही हसले. बारावी सायन्सची परीक्षा देऊन बसले होते. मला वाटलं, आपल्याला हसायचा हक्क आहे.

मे तापला आणि ते सुरू झालं.

पहिल्या दिवशी फक्त आवाज. साडेबारा वाजले होते. मागच्या नाल्यात दगड गडगडले... एक, मग दोन, मग खूप. मी दार उघडून पाहिलं.

नाला कोरडा. एक पान हलत नव्हतं.

मग माठ. सकाळी काठोकाठ भरलेला माठ साडेबाराला रिकामा. फुटला नव्हता. खालची जमीनही कोरडी. आत तळाला पांढरट बारीक रेती... आमच्याकडे असली रेती नाही. दांडीच्या किनाऱ्यावर नाही, घिवलीच्या नाही. मी मुठीत घेतली, ती गरम होती.

आणि मग आईचं कुंकू.

सकाळी लावलेलं कुंकू दुपारी गळून पडायचं. घामाने ओघळायचं नाही. वाळून, पापुद्रा धरून पडायचं. ती पुन्हा लावायची, ते पुन्हा पडायचं. एके दुपारी सगळ्या बांगड्या तडकल्या, हात कुठे आपटला नसताना. दुसऱ्या दिवशी पायातली जोडवी मागच्या उंबऱ्यापाशी सापडली... शेजारी शेजारी, कुणीतरी काढून ठेवल्यासारखी.

"मागल्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतंय," आई म्हणाली. "बाईच आहे. पण नलू, तिला तिचंच आठवेना, आपण बाई आहोत का कोण."

नागोराव म्हणाले, "ऊन लागलंय. ताक पी."

भांडी विसळता विसळता मंगळीने हे सगळं ऐकलं. ती हात पुसत पुढच्या खोलीत आली आणि नागोरावांसमोर उभी राहिली. घाबरत होती, पण उभी राहिली.

"सायेब, ह्यो कुठून उचलला?"

"कबरस्तानातून," नागोराव म्हणाले. लाज? छे! स्वस्तात साडी मिळाल्यासारखं सांगत होते. "डोंगरात आत, ओसाड जागा. त्या गावात थडग्यावर नाव लिहीत नाहीत. पुरुषाला दोन दगड उभे करतात, बाईला तीन. एका तिनातला मधला शिंपल्यांचा होता. सुंदर पीस! उचलला."

मंगळीने बोटांवर मोजलं.

"म्हंजे तिचे दोनच राह्यले," ती म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला. बोटांना कुंकवाचा कोरडा पापुद्रा लागला.

"तिकडं न्यायला जमत नाय तर हितंच बसवा," मंगळी म्हणाली. "दोन दगड बाजूला, ह्यो मधी. तिची जागा करा. पाणी घाला. ती काय वंगाळ नाय सायेब. तिचं तिला पायजे."

आई नागोरावांच्या पाया पडली. माझ्यासमोर. "एवढं करा हो. माझं काही खरं नाही."

आता नागोरावांची अडचण ऐका. त्या रविवारी गावातल्या मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत त्यांचं भाषण होतं. 'हजर पर्वत : भूगोल आणि निसर्ग'. दगड टेबलावर ठेवायचा होता, आणि नंतर मंडळाच्या वाचनालयाला भेट द्यायचा होता. चिठ्ठीवर दात्याचं नाव! शाल, श्रीफळ, हार! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी या माणसाला हार घालणार होतं. बायकोच्या कपाळासाठी तो घालवायचा म्हणजे काय?

ते मला स्कूटरवर बसवून दांडीला घेऊन गेले. ओहोटी होती. खडकाळ भागात कालवं चिकटलेले दगड पडलेले असतात, तसा एक चपटा दगड त्यांनी निवडला. कालवांची टरफलं खरवडून सारखी केली.

"या दोघींना काय कळतंय?" ते म्हणाले. "शिंपला दहा कोटी वर्षांचा काय आणि परवाचा काय."

मंगळी लग्नाला पाड्यावर गेली होती. तेवढं साधून गुरुवारी त्यांनी परसात तीन दगड उभे केले. मधे दांडीचा. आईने तांब्या भरून आणला, पण पाणी घालायच्या आधी ती थांबली. माझ्याकडे वळली.

"नलू, हाच ना गं तो?"

नागोरावांनी मला डोळा मारला.

मी म्हणाले, "हो आई, हाच."

आईने पाणी घातलं, पदर पसरून पाया पडली. आणि दोन दिवस कुंकू टिकलं. माठ भरलेला राहिला. आई शेवया करायला बसली, गुणगुणायला लागली.

"बघ," नागोराव मला हळूच म्हणाले. "खोट्या दगडानेही काम झालं. याला म्हणतात अडाणीपणा."

रविवार उजाडला. आईला घरी सोडून आम्ही हॉलवर गेलो. शंभरेक माणसं. टेबलावर दगड, शेजारी पाण्याचा ग्लास. मी छडी घेऊन नकाशापाशी उभी. अकराला सुरू व्हायचं भाषण आपल्या रिवाजाप्रमाणे पाऊण तास उशिरा सुरू झालं.

नागोराव रंगात आले. समुद्राचा तळ झाला, रानबकऱ्या झाल्या, गिधाडं झाली. मग वाद्या.

"आभाळात ढग नसतो," ते म्हणाले. "आणि आधी येतो तो आवाज..."

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

आणि तो आला.

दगड गडगडत होते. लांबून... आमच्या घराच्या बाजूने. या वेळी त्या आवाजाखाली पाणीही ऐकू येत होतं. प्रचंड पाणी. शंभर माणसांतल्या एकानेही मान वळवली नाही. मी नागोरावांकडे पाहिलं.

त्यांचे ओठ उघडे राहिले होते. त्यांनी ग्लास उचलला, तोंडाला लावला... आणि खाली ठेवला.

ग्लास कोरडा होता. तळाला चिमूटभर रेती.

त्यांनी ऐकलं होतं. मी शपथेवर सांगते. आवाज आला की पळायचं, हे या माणसाला त्या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. स्कूटरने घर सात मिनिटांवर. पण शाल अजून मिळायची होती.

त्यांनी घसा खाकरला आणि भाषण पुढे सुरू केलं.

आणि मी? मी छडी धरून उभी राहिले. पुढचा नकाशा उलटला.

दोन वाजता घरी आलो. मागचं दार सताड उघडं. शेवयांची ताटली उन्हात तशीच. परसात बाजूचे दोन दगड उभे होते आणि मधला... उपटून आडवा ठेवलेला. त्याच्यावरची कालवं एक ना एक सोललेली.

आईची ओली पावलं नाल्याकडे गेली होती. परत आली नव्हती.

नाल्यात थेंब नव्हता. आभाळात ढग नव्हता. पण दोन्ही काठांवर कमरेइतक्या उंचीवर ओल होती, आणि काटेरी झुडपांत पांढरी बारीक रेती अडकली होती... अजून गरम.

पोलीस आले. घरात काही भांडण झालं होतं का, म्हणून विचारलं.

नागोराव म्हणाले, "डोक्यावर परिणाम झाला होता तिच्या. गेली असेल कुणाचा तरी हात धरून."

खांद्यावर शाल तशीच होती.

त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हटलेलं नाही.

मंगळी सोमवारी आली. आडवा पडलेला दगड तिने पायाने उलथा केला. "ही तर कालवांची खूण हाय. दांडीचा दगड," ती म्हणाली. माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग भांड्यांना हात न लावता निघून गेली.

आई सापडली नाही. नागोराव चार वर्षांनी गेले, झोपेत, आरामात. असल्या माणसांना मरणही सोयीचं येतं.

मी त्याच घरात राहते. दोन वर्षांपूर्वी मंडळाचं कपाट मोडीत निघालं, तेव्हा मी जाऊन दगड मागून आणला. 'सप्रेम भेट : श्री. नागोराव' ही चिठ्ठी फाडून टाकली. परसात जुन्या दोन दगडांच्या मधे तो बसवला, चार बोटं मातीत, खुणेपर्यंत. रोज पाणी घालते.

मला वाटलं होतं, आता थांबेल.

साडेबाराला माठ अजून कोरडा होतो. नाल्यात दगड गडगडतात... आणि मागच्या दाराबाहेरून, अगदी जवळून, आई विचारते...

"नलू, हाच ना गं तो?"

मी ओरडून सांगते, "हो आई, हाच! तुझी शपथ, हाच!"

दगडांची गडगड थांबते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती पुन्हा तेच विचारते.