पूर्वेच्या भिंतीतलं दार

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात नकाशे काढायचं जुनं ऑटोकॅड बंद करून सगळी कामं रेव्हिट या नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं ठरलं, तेव्हा मी आमच्या बॉस वर्षालीमॅडमशी चक्क भांडले. माझे मिस्टर रोहिदास याच ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ते जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मला आता फक्त ऑटोकॅडमध्येच भेटायचे.

ऑटोकॅडमधला नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. भिंती एका लेयरवर, दारं दुसऱ्यावर, मापं तिसऱ्यावर. त्यातला एक लेयर स्क्रीनवर दिसतो, पण छापला कधीच जात नाही. रोहिदास त्यावर मला चिठ्ठ्या लिहायचे. मोशीत बांधायच्या आमच्या घराच्या नकाशात, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, शेवटची चिठ्ठी होती : "तनू, रुसू नकोस. पूर्वेला दार नाही जमत."

मॅडमच्या लाडक्या स्केचअप सॉफ्टवेअरमध्ये लेयरऐवजी टॅग असतात, डब्यावर नाव चिकटवावं तसे. रेव्हिटमध्ये तेही नाही. तिथं भिंत ती भिंतच आणि दार ते दारच. असली चिठ्ठी तिथं ठेवायची कुठे?

"तनुजा, अगं, माणूस काय फाईलमध्ये राहतो?" मॅडम म्हणाल्या. यांचं काय जातंय बोलायला!

जेवणाच्या सुट्टीत मी घराची फाईल उघडली. चिठ्ठी नव्हती. पूर्वेच्या भिंतीत एक दार होतं.

मी तो न छापणारा लेयर बंद केला. दार राहिलं. मग एकेक करत सगळेच लेयर बंद केले. काळ्या स्क्रीनवर ते एकटं दार तसंच. त्यावर क्लिक केलं, तर लेयरच्या नावाची जागा, जी कधीच कोरी नसते, ती कोरी होती.

"मॅडम, माझ्या घराची फाईल कुणी उघडली होती?"

"तुझ्याशिवाय तिला कोण हात लावतंय?"

फाईल शेवटची सेव्ह झाल्याची तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची होती.

खरं तर घाबरायला हवं होतं. मला मात्र त्यांची इतकी आठवण आली, की डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी ऑटोकॅड कायमचं बंद होणार होतं. जुना नकाशा खाली ठेवून मी घराची एकेक भिंत रेव्हिटमध्ये गिरवली. तिथं दार हवेत काढता येत नाही, भिंतीतच बसवावं लागतं. मी ते बसवलं. हे एवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोशीहून सोपानराव मिस्त्रींचा फोन आला. बांधकाम त्यांनी महिन्यापूर्वीच हाती घेतलं होतं. रोहिदासना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं.

"ताई, पूर्वेला दार कवा बशिवलं? माज्या कागदात तर न्हाई."

"मी नाही बसवलं."

"आतनं कडी हाय."

मी रिक्षानं गेले. भिंती अजून छातीएवढ्याच होत्या, वर छप्पर नव्हतं. पुढच्या दाराच्या जागी नुसती मोकळी फट. आत जायला कुणालाच अडचण नव्हती. तरी मी वळसा घेऊन पूर्वेच्या दारापुढेच जाऊन उभी राहिले.

"अहो," मी म्हणाले, "मी आलेय."

कडी सरकल्याचा आवाज आला.

सोपानराव भिंतीवरून आत बघत होते. त्यांनी हातातली थापी हळूच विटांवर ठेवली.

"ताई, जरा मागं सरा," ते म्हणाले. "त्येंना भाईर यायचंय."