होयबाची घुंगरमाळ

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नाही, वाऱ्याने आपटणारी खिडकी नाही, पांढऱ्या कपड्यातली बाई नाही. भर दुपारची गोष्ट आहे, लख्ख उन्हातली, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. खोटी वाटली तर सोडून द्या. मलाही कुणी सांगितली असती तर मी हसले असते.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. दिवसभर हातात सुई असते. सुई धरणाऱ्या बाईला भास होऊन चालत नाहीत, सुई बोटात जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी ताईकडे राहायला गेले होते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचंच नाही म्हणून बजावलं होतं. माझं मशीनही मी सोबत नेलं होतं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, तळ्याकाठी बग्गी चालवायचे. फिरायला आलेल्या लोकांना बसवायचं, तळ्याला एक चक्कर मारून आणायची. पुढे घर, मागे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला तबेला.

दाजी बोलायला एक नंबर. मला दारात बघितलं की, "या मेहुणीबाई! आता चहात साखर पडेल!" असं ओरडायचे. त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस हसत परत यायचा. मीसुद्धा.

त्यांच्याकडे आधी एक तांबडा घोडा होता. त्याचं नाव होयबा.

हे नाव लोकांनीच ठेवलं होतं. चालताना तो सारखी मान हलवायचा. खाली, वर, खाली, वर. गळ्यात घुंगरमाळ होती. मान खाली गेली की ती वाजायची... छन्.

दाजींनी त्याचाच खेळ केला. गर्दी जमली की घोड्याला चालता चालता विचारायचे, "काय रे, पाहुणे आवडले का?"

छन्.

"आणखी एक चक्कर मारायची ना?"

छन्.

पोरं खिदळायची. मोठी माणसं फोनवर व्हिडिओ काढायची. दुसऱ्या बग्ग्या माश्या मारत उभ्या असायच्या आणि दाजींच्या बग्गीपुढे रांग लागायची.

मी पोचायच्या आधी, थंडी संपता संपता, होयबा गेला. तळ्याच्या चढावर पडला. हे मला ताईनेच सांगितलं. छताकडे बघत, हळू आवाजात.

"लोक जमले गं. ह्यांना वाटलं, पाय घसरला असेल. हे खाली उतरले, त्याच्या तोंडाजवळ बसले आणि म्हणाले, उठतोस ना रे?"

"मग?"

"त्याने मान हलवली. लोक हसले. टाळ्या वाजवल्या गं त्यांनी... आणि तो उठलाच नाही."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी आले तोवर तबेल्यात नवी घोडी आली होती. भुरी. वयाने लहान, पाणीदार डोळ्यांची, चालायला एकदम सरळ. मान हलवायचं नाव नाही. मला ती फार आवडली. सकाळी मी भाजीची देठं घेऊन गेले की माझ्या खांद्यावर जबडा टेकवून उभी राहायची, आणि मी शिंपीण असूनही ब्लाउजवरचे डाग तिला माफ करायचे.

पण लोक दाजींना विचारायचे, "तो हो म्हणणारा घोडा कुठाय?"

दाजी घरी येऊन चिडचिड करायचे. "हिला काही येत नाही. नुसती लाकडासारखी चालते."

"शिकेल हळूहळू," ताई म्हणायची.

"शिकवतो," दाजी म्हणाले.

आणि शिकली ती.

एका रविवारी दाजी हसत आले. "मेहुणीबाई, चमत्कार! हीपण हो म्हणायला लागली!" त्यांनी होयबाची घुंगरमाळ माझ्यापुढे टाकली. "हिच्या मानेला मोठी होते. जरा आवळून द्या."

जुनी चामड्याची पट्टी, आतून लोकरीचं अस्तर. अस्तर घामाने कडक झालेलं. त्यात तांबडे केस अडकले होते. मला कसंसंच झालं. मी माळ मशीनशेजारच्या खुंटीला अडकवली आणि म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई झोपली होती. ऊन कडक असलं की दुपारी बग्गी बंद असायची, त्यामुळे भुरी तबेल्यात होती आणि दाजी बाहेरच्या खोलीत घोरत होते. मी गणवेशाची बटणं लावत होते.

अंगणातून आवाज आला.

टक्... टक्... टक्...

आणि चौथा आवाजच नाही.

परत. टक्... टक्... टक्... आणि चौथ्याच्या जागी नुसतं काहीतरी हलकंसं टेकल्यासारखं.

मला वाटलं भुरी सुटली. उठून बघितलं. अंगण रिकामं. भुरी तबेल्यात, दोरी जागच्या जागी.

मी परत येऊन बसले. सुईत दोरा ओवला.

छन्.

खुंटीवरची माळ हलत होती. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता, कारण कापडाचे तुकडे उडतात म्हणून मी तो लावतच नाही.

मी स्वतःलाच दटावलं. उन्हाने डोकं फिरलंय बाई तुझं, पाणी पी. पाणी प्यायले.

रोज दुपारी तेच सुरू झालं. घर झोपलं की अंगणात तीन पायांचा आवाज. घराच्या दाराकडून तबेल्याकडे. परतीचा आवाज कधीच नाही.

एकदा दाजीही जागे होते. आवाज आला तसा त्यांचा चेहरा उतरला.

"दाजी, ऐकलंत?"

"उंदीर असेल."

"नाल ठोकलेला?"

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते खो खो हसले असते. त्या दिवशी ते उठून आत गेले. आणि जाताना मी पहिल्यांदा बघितलं...

त्यांची मान हलत होती.

एक पाऊल टाकलं की खाली. पुढचं टाकलं की वर. खाली, वर.

रात्री जेवताना ताईनेही विचारलं, "अहो, मान काय हलवताय सारखी?"

"कुठं?" दाजी म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. घास हातात तसाच होता आणि मान खाली-वर होत होती.

मी भुरीलाही बघत होते. ती आता भाजीची देठं घ्यायला पुढे येत नव्हती. पुढचा डावा पाय किंचित पुढे टाकून उभी असायची. देठं तशीच पडून राहायची. चढावर पडलेला होयबा मी पाहिला नव्हता, पण त्या दिवसांत तो मला सारखा दिसायचा. फक्त त्याच्या जागी भुरी असायची. मला भीती भुताची नव्हती वाटत, खरं सांगते. हिचंही तसंच होणार, ही वाटत होती.

मग ती दुपार आली.

मी नुकतंच अंगण धुतलं होतं. फरशी ओली होती, ऊन पडून चमकत होती. मी केरसुणी हातात घेऊन दारात उभी होते.

टक्... टक्... टक्...

माझ्या अगदी जवळून. घामाचा आणि गवताचा वास आला. समोर काहीच नव्हतं.

पण ओल्या फरशीवर कोरडे ठसे उमटत होते.

एकेक करून. तीन खूर पूर्ण, गोल. आणि चौथा... फक्त टोक टेकलेलं. पुढच्या डाव्या पायाचं.

ठसे तबेल्यात गेले. मी मागे गेले. का गेले, मला माहीत नाही. पाय नेत होते.

भुरी कान टवकारून उभी होती. तिने मान लांब केली आणि रिकाम्या हवेत नाक घासलं. ओळखीच्या जनावराला घासतात तसं. मग तिने पुढचा डावा पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला.

शेवटचा ठसा बरोबर त्या पायापुढे होता.

मी केरसुणी टाकली, बाहेर आले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दाजींना विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या आत आल्या. उंच, तुटक बोलणाऱ्या. दाजी मागे मागे करत होते. "काही नाही हो, उगाच बोलावलं हिने. घोडी एकदम हुशार आहे. बघा, हो म्हणते!"

"चालवा तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाजींनी भुरीला अंगणात चालवलं. खाली, वर. खाली, वर.

"ही हो म्हणत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचा पुढचा डावा पाय दुखतोय. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, त्यावर भार नको म्हणून. चांगला पाय टेकला की मान खाली येते. लोकांना वाटतं, नाचतोय. दुखणं असतं ते."

मी ताईच्या खिडकीकडे बघितलं. ताई पलंगावर उठून बसली होती. गज धरून.

डॉक्टरीणबाईंनी भुरीचा पाय मांडीवर घेतला. खूर साफ केला. मग पकडीने नाल काढली. भुरीच्या सगळ्या अंगावरून शहारा गेला.

नालेखालून एक खडा निघाला.

गोल, गुळगुळीत, वाटाण्याएवढा. तळ्याकाठच्या फुलांच्या वाफ्यात असतात तसला. खुराचा तळ त्याने काळानिळा पडला होता.

"रस्त्यावरचा अडकला असेल," दाजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खडा तळहातावर धरला. "रस्त्यावरचा खडा खुरात अडकतो. नाल आणि खूर यांच्या मध्ये जात नाही. नाल काढून, खडा ठेवून, परत ठोकलीय. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय गेला असता. आणि पाय गेला की घोडा जातो."

मी तो खडा हातात घेतला.

माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. भुरीला हो म्हणायला शिकवायचं तर काय करावं लागतं, हे ज्याला माहीत होतं, त्याला होयबा का हो म्हणायचा, तेही माहीत होतं. पहिल्यापासून.

"दाजी," मी म्हटलं. "तुम्ही ठेवलात हा खडा?"

"नाही. शप्पथ नाही."

तोंड नाही म्हणालं.

मान मात्र खाली गेली.

त्याच क्षणी आतून, माझ्या खोलीतून, आवाज आला... छन्.

"होयबाचा पाय दुखत होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं! मला काय ठाऊक!"

मान खाली.

छन्.

त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरला. मान थांबवायला बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. हातांसकट मान खाली जात होती, वर येत होती. खिडकीतून ताईचा आवाज आला, "पुरे गं... पुरे कर." मी आत तिच्याकडे गेले.

त्या रात्री ताईला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

भुरीला डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या एका मळ्यावर पाठवलं. महिनाभरात पाय भरून आला. मी दोनदा बघून आले. सरळ चालते, ताठ मानेने, आणि परत माझ्या खांद्यावर जबडा टेकवते. दाजींनी बग्गी विकली. आता ते तळ्याकाठी होड्यांची तिकिटं फाडतात.

त्यांची मान अजून हलते. सगळे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. तिकिटं काढायला आलेले लोक म्हणतात, काय समजूतदार माणूस आहे, कशालाच नाही म्हणत नाही. पोरं हसतात. त्यांची नक्कल करतात.

ताई त्यांच्याशी बोलते, स्वयंपाक करते, सगळं करते. प्रश्न मात्र एकही विचारत नाही.

तुम्ही कधी बग्गीत बसायला गेलात तर आधी घोडा चालताना बघा. त्याची मान पावलागणिक खाली-वर होत असेल तर हसू नका. बसूही नका. मालकाला सांगा, डॉक्टरला बोलवा, भांडण झालं तरी चालेल. एवढ्यासाठीच मी हे लिहितेय.

आणि आणखी एका गोष्टीसाठी.

ती घुंगरमाळ माझ्याकडे आहे. टाकवत नाही आणि आवळून दुसऱ्या जनावराच्या गळ्यात घालायचा तर प्रश्नच नाही. माझ्या घरी, मशीनशेजारी असते. बरेच महिने ती गप्प होती.

परवा दुपारी एकटीच होते. त्या अस्तरातले तांबडे केस दिसले आणि एकदम भरून आलं. त्याला आयुष्यभर लोकांनी काय काय विचारलं होतं. पाहुणे आवडले का, चक्कर मारायची का, उठतोस का. एक प्रश्न सोडून.

मी मशीन थांबवलं आणि हळूच विचारलं, "दुखतं का रे अजून?"

पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

छन्.

तेव्हापासून दुपारी मी त्या खोलीत बसत नाही. परत विचारायचं धाडस होत नाही. परत हो आलं, तर मी करणार काय?