रिकाम्या ऑब्जेक्टमधलं नाव

जानेवारीतली दुपार, पण धुकं इतकं की खिडकीबाहेरची आंब्याची झाडंही दिसेनात. लखनौकडच्या मलिहाबादजवळच्या या आंबा संशोधन संस्थेत रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते. दशहरी आंब्याची नोंद पहिल्यांदाच स्क्रीनवर आणली — वजन, गोडी, रंग... आणि खाली एक ओळ. मी न लिहिलेली.

गीता: आहे.

लंगडा जातीच्या नोंदीत तीच. चौसा आंब्याच्याही. शेवटी मी प्रोग्राममध्ये नवा, अगदी रिकामा ऑब्जेक्ट, म्हणजे नोंदीचा कोरा साचा, बनवला. त्यातही — गीता: आहे.

मी खुर्ची मागे ढकलली.

"घाबरू नका..."

मी किंचाळलेच! दारात मफलर गुंडाळलेला एक तरुण उभा होता.

"सॉरी, मुक्ताजी. मी सुश्रुत. सर्व्हर मैं ही देखता हूँ. ते नाव ना, प्रोग्रामच्या भाषेतल्या मूळ ऑब्जेक्टलाच जोडलंय. बाकी सगळे त्याच्यापासून बनतात, म्हणून सगळ्यांत उतरतं."

"पण जोडलं कुणी?"

तो माझ्या खुर्चीकडे बघत राहिला. "दिनकर सरांनी. इथंच बसायचे. त्यांच्या पत्नी, गीताकाकू गेल्या, त्याच आठवड्यात ही ओळ लिहिली. गेल्या वर्षी सरही गेले."

पाठीला खुर्ची एकदम गार लागली.

"पाचला या नोंदींचा अहवाल द्यायचाय," मी कसंबसं म्हटलं. "काढावी लागेल."

"हाँ..." तो बसला. बोट डिलीटपाशी नेलं — आणि थांबला. "नाही जमत. तुम्ही चहा आणता? तोवर काहीतरी करतो."

चहा घेऊन आले, तर नोंदी स्वच्छ.

"काढलीत?" मला उगीचच वाईट वाटलं.

"नाही. यादीत दिसणार नाही, एवढंच केलं. नाव घेऊन विचारलं तरच उत्तर येईल."

रिकाम्या ऑब्जेक्टला मी हळूच विचारलं — गीता?

आहे.

जणू त्या काळ्या पडद्यामागे कुणी वाटच बघत होतं.

मग काय सुचलं कोण जाणे, मी माझंच नाव विचारलं. तिथं काहीच असायला नको होतं.

आहे.

"सुश्रुत... हे कुणी?"

वळून पाहिलं, तर त्याचे कान लालबुंद!

"आठ दिवस कॅन्टीनमध्ये तुमच्या मागच्या टेबलावर बसतोय. बोलायची हिंमतच होईना... म्हणून आत्ता लिहिलं. काढू?"

त्याचा हात कीबोर्डकडे गेला. मी तो धरला.

"थांब," मी म्हटलं. आणि माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं.