गोगोच्या अंगणातलं रानआलं

उत्तर क्वीन्सलंडच्या त्या ओल्या जंगलात आम्ही तिघं शिरलो ते एका मुळासाठी. सोनं नाही, खजिना नाही. बोटाएवढं आफ्रिकन रानआलं! माझी मैत्रीण थांडेका, तिची आजी त्या डोंगरात एकटी राहायची. झुलू भाषेत आजीला गोगो म्हणतात, म्हणून आम्हीही तिला गोगोच म्हणायचो. दक्षिण आफ्रिका सोडताना तिने रीतसर कागदपत्रं करून गावच्या रानातलं हे आलं बरोबर आणलं आणि अंगणाच्या कडेला लावलं. खोकल्यासाठी, दम्यासाठी, आणि घरावर वीज पडू नये म्हणूनसुद्धा! पुढे तिच्या गावी व्यापाऱ्यांनी ते मुळासकट उपटून नेलं, अगदी औषधालाही ठेवलं नाही. म्हातारपणी गोगो केर्न्स शहरात लेकीकडे आली, आणि मागे डोंगरातल्या बागेत रानडुकरं शिरल्याची बातमी आली. गॅलरीत मातीची रिकामी कुंडी मांडून ती बसली होती. कुंडीत मूळ लागलं की मी सुटले, म्हणायची. तिचा श्वास ऐकला की घाई करायला हवी हे कुणालाही कळलं असतं.

तिसरा गडी माझा नवरा, दत्तप्रसाद. दूर शहरात, केलीव्हिलला, घरी बसून कोड लिहिणारा हा वीर! घाटातल्या वळणांवर त्याला हमखास मळमळतं, म्हणून शर्टाच्या खिशात कायम मीठ लावलेला आल्याचा तुकडा. बाजारातलं आलं चघळत हा रानातलं आलं शोधायला निघाला होता.

ओढ्याशी गाडी ठेवून आम्ही चालायला लागलो. भर दुपार, पण झाडांखाली तिन्हीसांजेसारखा उजेड. वेताच्या काटेरी वेली बाही धरून मागे ओढत होत्या. जळवा तर विचारूच नका.

"लीना, अळू बघ!" दत्ता एकदम खुश झाला. "संध्याकाळी वड्या करू या!"

"डोन्ट टच इट, मेट!" थांडेका किंचाळली.

त्याचा हात पानापासून वीतभरावर थांबला. ते अळू नव्हतंच! त्या मखमली पानाची लव कातडीत घुसली की महिनोन्‌महिने आग होते, असं तिने सांगितलं. वड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

थोडं पुढे गेलो आणि तो हुंकार आला. खोल, लांबवरचा.

"ऐकलंस?" दत्ताने विचारलं.

"ऐकलं नाही. बरगड्यांत जाणवलं." माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण मी थांडेकाच्या जवळ सरकले.

गोगोचं घर दिसलं. छप्पर बसलेलं, खिडक्यांतून वेली आत गेलेल्या. आणि अंगण? स्वच्छ झाडलेलं! काळ्या मातीवर एक काडी नाही. मधोमध मोठाली हिरवी पानं मांडलेली, सगळी उपडी, फिकी बाजू वर. देठ अजून ओले होते. कोपऱ्यात पाचोळ्याचा नीट रचलेला ढीग.

"गोगो रोज सकाळी असंच झाडायची," थांडेका पुटपुटली. "पण इथे दोन वर्षं कुणीच नाही."

शेजारच्या झुडपातून एका पक्ष्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. सगळे एकाच जागेवरून! दिसलं कुणीच नाही.

डुकरांनी वाफा नांगरून टाकला होता. फक्त दगडाच्या आडोशाला एक गड्डा वाचला होता. ना खोड ना पान, उघड्या मातीतून नुसती जांभळट पांढरी फुलं वर आलेली. सुगंध असा की क्षणभर भीतीही विसरले. गोगोची सक्त ताकीद होती: कडेचं तेवढंच घ्यायचं, मधला डोळा मातीत ठेवायचा आणि खड्डा बुजवायचा. आम्ही आल्याची चार बोटं काढली. तीन मी पिशवीत टाकली. चौथ्याची माती दत्ता झटकत होता, तेवढ्यात वीज कडाडली!

पाऊस कोसळला. आम्ही ओढ्याकडे पळालो. हुंकार पुन्हा आला, या वेळी अगदी जवळून. आणि वाटेवर तो उभा राहिला! कॅसोवरी! माणसाएवढा उंच पक्षी. निळी मान, डोक्यावर हाडाचा तुरा, पायाला सुऱ्यासारखं नख. मागे त्याची पट्टेरी पिल्लं.

"पळू नका!" थांडेका दबक्या आवाजात म्हणाली. "पिशवी पुढे धर. मागे सरक."

मी पिशवी धरली. त्याने झेप घेतली. एकच लाथ! पिशवी फाटून थेट ओढ्यात. मी तिच्यामागे धावणार, तोच थांडेकाने माझा दंड आवळला.

"जाऊ दे! गोगोला तू जिवंत हवीस."

पिल्लांना घेऊन तो झाडीत शिरला. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. परत जाऊन खणावं, तर तो शेवटचा गड्डाही संपला असता. थांडेकाने नकारार्थी मान हलवली. हातात हात धरून आम्ही कसाबसा ओढा ओलांडला. गाडीत ती रडत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

घाट सुरू झाला. दत्ताने सवयीने खिशात हात घातला, तुकडा ओठांपाशी नेला आणि थबकला.

"लीना... हे बाजारातलं आलं नाही गं."

गाडीभर तोच सुगंध! वीज चमकली तेव्हा या बहाद्दराने हातातला तुकडा सवयीने खिशात टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या मळमळीचे आभार मानले.

केर्न्सला पोचलो. गोगोने मूळ नाकाशी धरलं आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मी अंगणाचं सांगितलं. वाटेत फोनवर शोधून काढलं होतं: तिकडचा एक पक्षी जमीन साफ करतो, पानं उपडी मांडतो, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही काढतो. कोडं सुटल्याने मी खुशीत होते.

"पानं तोच मांडतो," गोगो म्हणाली. "मी पाहिलंय त्याला. पण केराचा ढीग कोपऱ्यात कोण लावतं?"



तिने मुळाचे दोन तुकडे केले, दोन्हींना एकेक डोळा ठेवून. एक कुंडीत खोचला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून दत्ताच्या खिशात ठेवला.

"हा परत नेऊन लावा. झाडणाऱ्याचा वाटा आहे."

ओढ्याचं पाणी ओसरल्यावर आम्ही परत गेलो. वादळाने सगळं रान पाचोळ्याने भरून टाकलं होतं. अंगण मात्र झाडलेलं होतं, आणि कोपऱ्यातला ढीग वाढला होता. दत्ताने दगडाच्या आडोशाला तुकडा लावला, माती सारखी केली. मग आम्ही तिघांनी त्या रिकाम्या अंगणाला हात जोडले.