मैनाराजेचं ताट

महालक्ष्म्या घरी यायच्या त्या सकाळी वच्छलाबाई बसवकल्याणच्या बाजारात गेल्या. काय काय घ्यायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. सोळा भाज्या, आघाडा, केवडा, खणाचे तुकडे, ओटीचे नारळ. लग्न होऊन आल्यापासून दरसाल हीच खरेदी. शेवटी त्या दूधवाल्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्या रोजच्याएवढंच दूध दे बाबा. जास्तीचं नगं."

"कामून अक्का? दरसाल त्या ताटासाठी येगळं घेताव की."

"नगं म्हनलं न्हाई का!"

आवाज जरा जास्तच चढला. वच्छलाबाईंनी पिशव्या उचलल्या आणि घराकडे निघाल्या, पण बसस्टँडपुढून जाणारा जवळचा रस्ता सोडून लांबून. गेलं वर्षभर त्या स्टँडपुढून पायी गेलेल्या नव्हत्या. तिथल्या सिमेंटच्या बाकावर त्यांनी एका म्हातारीला सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसलेली पाहिलं होतं, उपाशी.

आता हे दूध कशाचं आणि ताट कुणाचं, ते आधी सांगायला हवं.

वच्छलाबाईंच्या सासऱ्यांचं संस्थान होतं. संस्थान म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. मुडबीकडची एक गढी, मूठभर गावं, एक म्हातारा हत्ती आणि निजामाच्या दरबारात मागच्या रांगेतली खुर्ची. आता गढीचे दगडसुद्धा कुठल्याशा रस्त्याखाली गेले. वच्छलाबाईंचे यजमान श्रीपतराव बसवकल्याणात खत-बियाणांचं दुकान चालवतात आणि गिऱ्हाईक त्यांना विचारतं, "राजे, युरिया आलाय का?" श्रीपतरावांना ते मनातून आवडतं.

रझाकारांच्या धामधुमीच्या सुमारास गढीतल्या थोरल्या राणीसाहेब तापानं गेल्या. मागं एक रांगती लेक राहिली, मैनाराजे. गावं जळत होती. राजांनी लेकीला सिद्धव्वा नावाच्या दाईच्या पदराखाली घातलं आणि रातोरात हद्दीपलीकडं सोलापूरला धाडून दिलं. शांतता झाली की परत आणायची, असं ठरलं होतं. शांतता झाली. राजांनी दुसरं लग्न केलं. नव्या राणीसाहेबांनी पोरीला आणायला माणूस पाठवला आणि त्या माणसानं येऊन सांगितलं, पोर वाटेतच गेली.

राजे लहान मुलासारखे रडले. त्या साली महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी नव्या राणीसाहेबांनी सोळा भाज्यांच्या नैवेद्याशेजारी एक लहानसं पितळी ताट मांडलं. त्यात मेलेल्या पोरीच्या नावानं बिनमिठाचा दूधभात, वर चिमूटभर साखर. पूजा झाली की ते गाईला जायचं. तेव्हापासून ताट कधी चुकलं नाही.

या नव्या राणीसाहेब म्हणजे वच्छलाबाईंच्या सासूबाई. मरणाआधी त्यांनी सुनेला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "पोर मेली न्हाई. मीच तसं सांगाया लावलं हुतं. ताट मोडू नगंस, लोक इचारत्याल..."

वच्छलाबाईंनी ऐकलं आणि गिळून टाकलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो जीव टाकून बहिणीला शोधायला धावला असता, आणि सासूचं नाव गावभर झालं असतं. मग त्या स्वतःच ते ताट वाढू लागल्या. जिवंत नणंदेला मेलेली म्हणून जेवू घालू लागल्या. पहिल्या साली ताट मांडलं आणि तिकडं पाठ केली. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच तर वाईट.

आणि गेल्या वर्षी, ऐन जेवणाच्या दुपारी, ती म्हातारी दारात आली.

घर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. सवाष्णींची पंगत बसायची होती. वच्छलाबाई तूप वाढायला घेऊन निघाल्या तर उंबऱ्याबाहेर एक काटकुळी बाई उभी. अंगावर धुवट पातळ, बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची असतात तशी. वच्छलाबाईंनी तोंडाकडं बघितलं आणि त्यांच्या हातातली तुपाची वाटी तिरकी झाली. तेच रुंद कपाळ, तीच खाली झुकलेली डावी भुवई. श्रीपतरावच लुगडं नेसून उभे राहिले असते तर असेच दिसले असते.

"राजांचं घर हेच का, बाई?"

"हाव. काय पायजे, मावशी?"

वन्सं म्हणायचं होतं. तोंडातून मावशी निघालं.

म्हातारी हळू आवाजात बोलली. जणू कुणी झोपलेलं होतं आणि तिला त्याला उठवायचं नव्हतं. "मागायला न्हाई आले. एकच इचारायचं हाय. दरसाली, ह्याच दिवशी... माज्या तोंडाला दूधभाताची चव येती. घास गिळत न्हाई. पोट भरल्यागत होतंय. ल्हानपनापास्नं. सिद्धव्वा म्हनायची, तुला कुनीतरी जेवू घालतंय. कोन ते मरस्तोवर सांगितलं न्हाई तिनं. मरताना सांगितलं... म्हनून आले. मला कोन जेवू घालतंय, बाई?"

मागं पाहुण्या कान टवकारून उभ्या होत्या. आतून श्रीपतराव हाक मारत होते, "कोन हाय गं?" त्या एका क्षणात वच्छलाबाईंना काय काय दिसलं! सासूचं नाव, घराची अब्रू, नवऱ्याचं तोंड, इतक्या वर्षांचं आपलं गप्प बसणं.

"कोन न्हाई हो," त्या आत ओरडल्या. मग म्हातारीकडं वळून पंगतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या घरची लेक तान्हेपनीच वारली, मावशी. ते बगा तिचं ताट. आमी दरसाल वाढताव."

म्हातारीनं मान लांबवून आत बघितलं. समईच्या उजेडात ते पितळी ताट चकाकत होतं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "म्हनूनच... दिवस कलला की परत भूक लागती."

आणि ती निघून गेली. वच्छलाबाईंना पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी पाहुण्यांना पोचवायला त्या स्टँडवर गेल्या तेव्हा म्हातारी बाकावर बसून होती. दोघींची नजरानजर झाली. म्हातारी हसली, माहेरवाशीण निघताना हसते तशी, आणि वच्छलाबाईंनी मान फिरवली.

त्या दिवसापासून त्यांना नीट झोप नाही. पुढं थोरली लेक विजयश्री, जिच्यासाठी त्यांनी कुठं कुठं नवस बोलले होते, तिला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले आणि बाळंतपणाला ती कलबुर्गीहून माहेरी आली. लेकीच्या वाढत्या पोटाकडं बघून वच्छलाबाईंच्या काळजात आनंदाआधी भीती यायची. ज्या हातानं जित्या माणसाला मेलेल्याचा घास वाढला, त्याच हातानं हे मूल घ्यायचं? मग त्यांनी मनाशी ठरवलं. या साली ताट नाही. सण उरकला की सोलापूरला जायचं, विडीवाल्या बायकांत विचारत वन्संना शोधायचं, त्यांचे पाय धरायचे, आणि मूल जन्मायच्या आत त्यांना हाताला धरून माहेरी आणायचं. वर्षभरात जाता आलं नसतं का? सोलापूरच्या गाड्या तर दिवसभर सुटतात.

जेवणाचा दिवस उजाडला. मखरात दोघी महालक्ष्म्या भरजरी साड्या नेसून उभ्या होत्या. पुरण शिजलं, आंबील झाली, फुलोरा बांधला. दुपारी नैवेद्य मांडताना श्रीपतरावांनी इकडं तिकडं बघितलं.

"मैनाक्काचं ताट कुटं हाय?"

"ह्या साली न्हाई."

"कामून? आईनं घालून दिलेलं..."

"सण होऊ द्या. समदं सांगते. तुमच्या पाया पडून सांगते."

श्रीपतरावांची ती डावी भुवई आणखी खाली आली. आरती झाली. कापूर विझला, आणि त्याचा वास ओसरला तसा एक दुसराच वास घरात आला. कोमट दुधाचा. मऊ भाताचा. वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन एकेका पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं. घरात त्या दिवशी दूधभात शिजलाच नव्हता.

पंगत उठल्यावर त्या स्वतः जेवायला बसल्या. सकाळपासून पोटात चहाचा घोटही नव्हता. पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो तिथंच राहिला. गळ्याखाली उतरेना. पोट तट्ट भरल्यासारखं झालं होतं. जिभेवर पुरणाची चव नव्हती. बिनमिठाची, गुळमट चव होती, वर साखर भुरभुरवल्यासारखी. त्या पाणी प्यायल्या. पाण्यालाही तीच चव होती.

तेवढ्यात श्रीपतराव मोबाइल घेऊन आले. "दुकानच्या नंबरावर सोलापूरची कोन बाई बोलायलीय. तुलाच मागायलीय."

वच्छलाबाई उष्ट्या हातानं फोन घेऊन परसात गेल्या.

"मामी का? मी विमल. मैनाबाईची लेक." आवाज मोकळा होता, मायेचा होता. "नंबर आईनं तुमच्या दुकानाच्या पाटीवरनं उतरून आनला हुता. आजच्या दिवशी फोन कर म्हनाली हुती."

"वन्सं... बऱ्या हायती न्हवं? मी येनारच हुते. सण झाला की..."

"आई गेली की ओ, मामी. तुमच्याकडनं आली, त्यानंतर थोड्याच दिसांनी. जेवतच नव्हती. ताट पुढं केलं की म्हनायची, माहेरी जेवून आले, भावजयीनं पोटभर वाढलं, आता कशाला?"

वच्छलाबाई पेरूच्या झाडाला टेकल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारीनं त्यांची अब्रू राखली होती. उपाशी राहून राखली होती.

"विमल, बाळा... मी तिला उपाशी..."

"असं कसं, मामी? ती लई कवतिकानं सांगायची. म्हनाली, माहेरानं मला जल्मभर जेवू घातलं, आता आपली पाळी. दरसाल ह्या दिवशी भावजयीचं ताट वाढत जा. त्येंनी जसं वाढलं तसंच, दूधभात, मीठ न्हाई. मी इचारलं, आई, मामी तर जित्या हायती. तर म्हनाली, मी बी हुतेच की."

परसात ऊन पडलं होतं. शेजारच्या घरात कुणाच्यातरी टीव्हीवर गाणं चाललं होतं.

"विमल... वाढलंस का तू?"

"हो की. तुमच्या नावानं मघाशी वाढलं. म्हनूनच फोन लावला. एक इचारायचं हुतं." विमलबाईचा आवाज प्रथमच जरा खाली आला. "मी ताट एकच मांडलं, मामी. उदबत्ती लावून वळले, तर त्याच्या शेजारी एक वाटी हाय. ल्हान. बाळाला भरवतात तेवढी. त्यात बी दूधभात. घरात तर मी एकटीच. आईनं दुसऱ्या कुनाचं सांगितलं नव्हतं... तुमच्याकडं ल्हान कोन हाय का?"

वच्छलाबाईंना बोलायचं होतं. उचल म्हणायचं होतं, फेकून दे म्हणायचं होतं.

मागचं दार वाजलं. विजयश्री दोन्ही हातांनी पोट धरून उंबऱ्यात उभी होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

"आई," ती म्हणाली, "रोज लाथा मारून हैराण करतंय. आज दुपारपासून हललंच न्हाई गं. जेवून झोपल्यागत गप पडलंय."

"मामी, ऐकायलाव का?" फोनमधून विमलबाई विचारत होती. "वाटी रिकामी झालीया... आनखी वाढू का?"